तीन जांभयांचा पुकारा

जुन्या खिडकीची नक्कल करायला बसताना पहिल्यांदा गुण्या बाजूला ठेवावा लागतो. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचे सुताराचे हत्यार. शंभर वर्षे उभ्या असलेल्या भिंतीत एकही खिडकी काटकोनात राहिलेली नसते. भिंत बसते, चौकट तिच्याबरोबर झुकते आणि झडपा त्या झुकण्याला जुळतील अशा दर दोन-चार वर्षांनी रंधलेल्या असतात. नवी खिडकी काटकोनात केली तर ती जुन्या जागेत जात नाही. म्हणून आम्ही आधी चूक मोजतो. डावा कोपरा किती खाली आला आहे, उजवा किती बाहेर गेला आहे, हे कागदावर उतरवतो आणि तेवढीच चूक नव्या सागवानात करतो. आमच्या कारखान्यातले थोरले सुतार उखा मिस्तरी नव्या माणसाला सांगतात, "बरोबर काम कोणीपण करतं. मापात चुकायला हात लागतो."

दुसरी गोष्ट उन्हाची. जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात दुपारी बाहेर पडलेला माणूस घरी येऊन पहिली काही मिनिटे बोलत नाही. जुन्या खिडक्या त्या उन्हाला अडवत नाहीत. काच पातळ, झडपांमध्ये बोटभर फटी, त्यामुळे एसी आतून गारवा करतो आणि खिडकी तो अंगणात सोडते. आम्ही एका काचेऐवजी दोन काचा बसवतो. त्यांच्यामध्ये कोरडी हवा कोंडून कडा बंद करतो आणि झडप जिथे चौकटीला टेकते तिथे खाच पाडून रबराची पट्टी लपवतो. जुन्या झडपेत सहा तावदाने असली तर आम्ही एकच मोठी जोडकाच घालतो आणि तिच्यावर आतून-बाहेरून लाकडाच्या बारीक पट्ट्या चिकटवतो. लांबून सहा तावदाने दिसतात. ही लबाडी आहे, पण ती आम्ही कामाच्या कागदावर लिहून देतो.

धंद्यात येण्यापूर्वी मी जळगावच्या एका दैनिकात तालुक्याच्या बातम्या तपासायला होतो. वडिलांचे गुडघे गेले तेव्हा त्यांचा कारखाना माझ्याकडे आला. त्याला आता सव्वीस वर्षे झाली.

गिऱ्हाइकांच्या तक्रारी बहुतेक उष्णतेच्या नसतात. एरंडोलच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांना रस्त्याकडची खिडकी करून दिली. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. खोलीत इतके सामसूम झाले होते की त्यांना भिंतीवरच्या घड्याळाचा त्रास होऊ लागला. घड्याळ बंद केले तर स्वतःच्या कानातली शीळ ऐकू येऊ लागली. "भाऊ, रस्ता कुठे गेला?" असे त्यांनी विचारले. शेवटी रोज संध्याकाळी दोन तास खिडकी उघडी ठेवायची, असा तोडगा निघाला. त्या वेळी मी ही हकीगत हसून इतरांना सांगत असे. जोडकाच उष्णतेबरोबर आवाजही अडवते हे मला ठाऊक होतेच. त्याचा विचार मात्र मी केला नाही.

पुढची हकीगत खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावची आहे. गावाचे नाव लिहीत नाही. तिथली कचेरी काळ्या दगडाची, इंग्रजी अमदानीतली. तिच्या मोठ्या दालनात दर सोमवारी शेतरस्त्यांच्या प्रकरणांची सुनावणी होते. दालनाचे दार मागच्या बाजूला, कोंदट ओसरीत उघडते. पुढच्या अंगणात लिंबाचे झाड आहे आणि पक्षकार त्या झाडाखाली बसतात. दालनाला अंगणाकडे अकरा खिडक्या. त्यांतल्या तिसऱ्या खिडकीशी उभा राहून शिपाई नाव पुकारतो. तीनदा पुकारा होतो. तिसऱ्यापर्यंत माणूस आला नाही तर कागदावर 'गैरहजर' असा शेरा पडतो आणि प्रकरण निकाली निघते. पुकारा तिसऱ्या खिडकीतून होईल, असे सांगणारी जुनी पाटी अजून भिंतीवर आहे.

कचेरीत एसी बसला तेव्हा या अकरा खिडक्या आमच्याकडे आल्या. कामाच्या पत्रात दोन अटी होत्या. एक, खिडक्या मूळ नमुन्याप्रमाणे जशाच्या तशा असाव्यात. दोन, खिडक्या पूर्णपणे हवाबंद असाव्यात. दोन्ही अटी एकाच पानावर, एकाखाली एक होत्या. मी त्या वाचल्या आणि सही केली. दैनिकात असताना असे पान माझ्या हातून गेले नसते.

काम चांगले झाले. तपासनीस आले, त्यांनी एकेका खिडकीच्या कडेने जळती उदबत्ती फिरवली. धूर सरळ वर गेला. मग त्यांनी प्रत्येक झडपेच्या सांध्यावर कागदाची पट्टी चिकटवून सही केली. महिनाभर पट्टी फाटता कामा नये, काचांमध्ये ओल धरता कामा नये, मगच दाखला. त्या दाखल्यावर माझे पुढचे काम अवलंबून होते. जळगावातल्या एका जुन्या शाळेच्या खिडक्या. शाळेच्या मंडळाने तोंडी होकार दिला होता, फक्त दाखला पाहायचा होता.

शिपायाचे नाव सुकलाल. त्याचा आवाज तालुक्यात प्रसिद्ध. मी त्याला बजावले, "सुकलालभाऊ, महिनाभर खिडकीला हात लावायचा नाही."

"मग पुकारा?"

"पुकारा करा ना. खिडकी उघडायची नाही, एवढंच."

हे वाक्य माझे आहे. पुढच्या सगळ्या प्रकाराची जबाबदारी ठरवायची तर ती या वाक्यापासून ठरवावी.

पहिल्या सोमवारी पट्ट्या पाहायला मी दालनात हजर होतो. सुकलाल तिसऱ्या खिडकीशी गेला, छाती भरून श्वास घेतला आणि बंद काचेकडे तोंड करून ओरडला. दालनात तो आवाज इतका घुमला की कारकुनाने कानावर फाईल धरली. बाहेर लिंबाखाली माणसे निवांत बसलेली दिसत होती. कोणी तंबाखू मळत होते. सुकलालने तीन पुकारे केले. कोणी उठले नाही. कारकुनाने शेरा मारला. पुढचे नाव. तीन पुकारे. शेरा. मला वाटले, लग्नसराई आहे, लोक आले नसतील. समोर बसलेली माणसेच ती, हे मला सुचले नाही.

यादीतल्या चौदा प्रकरणांपैकी अकरा त्या दुपारी निकाली निघाली. सुनावणी घेणारे साहेब चकित झाले. कारकून म्हणाला, "साहेब, खिडक्या लाभल्या."

तीन वाजता एक बाई ओसरीतून आत आल्या. वय सत्तरच्या आसपास, हातात कापडी पिशवी. त्यांचे नाव इंदूबाई, गावात सगळे अक्का म्हणत. त्यांच्या शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट त्यांचा चुलत दीर बाबूलाल याने नांगरून आपल्या कपाशीत घातली होती. दुसरी वाट नव्हती. दोन हंगाम अक्कांनी बियाणे डोक्यावरून नेले होते. डोक्यावरून बैल नेता येत नाहीत. मृगाच्या आधी वाट मोकळी झाली नाही तर यंदा शेत पडीक राहणार होते.

"मनं नाव कव्हय येई?" त्यांनी विचारले.

"पुकारा झाला, अक्का. तीनदा झाला. तुम्ही नव्हत्या," कारकून म्हणाला.

"मी समोरच व्हती ना!"

सुकलालला राग आला. त्याचा घसा खरोखर बसला होता. "अक्का, बेंबीच्या देठापासून ओरडलो मी."

अक्कांनी त्याच्याकडे नीट पाहिले. "तुनाकडेच देखी ऱ्हायनी व्हती मी. माले वाटनं तू जांभया दी ऱ्हायना."

दालनात कोणी हसले नाही, कारण साहेब बसले होते. मी खिडकीकडे पाहिले. काच स्वच्छ होती, ओल कुठेही धरली नव्हती.

प्रकरण पुन्हा सुरू करायचे तर अर्ज लागतो आणि अर्जाला सबळ कारण लागते. अक्कांनी कारण सांगितले, ऐकू आले नाही. कारकून म्हणाला, मग ऐकू येत नसल्याचा डॉक्टरी दाखला आणा. अक्का सरकारी दवाखान्यात गेल्या. दोन दिवस रांगेत बसल्या. डॉक्टरांनी कान तपासले आणि दाखला दिला. त्यावर लिहिले होते, दोन्ही कानांची श्रवणशक्ती उत्तम. कारकुनाने तो वाचून परत दिला. "मग तर तुम्हाला ऐकू यायलाच पाहिजे होतं."

तिसऱ्या दिवशी अक्का एसटीने जळगावला आमच्या कारखान्यात आल्या. रंध्याच्या भुशात उभ्या राहून त्यांनी तो दाखला माझ्यापुढे धरला.

"भाऊ, मना दोन्ही कान चांगला शेतस. आते तुनी खिडकी खराब शे असं लिखी दे."

"अक्का, खिडकी खराब नाही. खिडकी फार चांगली आहे. आवाज जाऊच देत नाही."

"मंग तसं लिख."

उखा मिस्तरींनी रंधा थांबवला. मी अक्कांना चहा दिला आणि विचारात पडलो. आवाज जात नाही असे लिहिले तर पहिली अट मोडत होती. जुन्या खिडकीतून आवाज जात होता, नव्या खिडकीतून जात नाही, मग ती जशीच्या तशी कशी? दाखला अडकणार आणि दाखल्याबरोबर शाळा. आवाज जातो असे लिहिले तर अक्कांचे शेत पडीक. खोटेही ठरले असते, पण ते मला दुसऱ्या क्रमांकाला सुचले, हे इथे नोंदवतो.

मी कागद घेतला आणि लिहिले की जोडकाचेमुळे आवाजाचे वहन परिस्थितीनुसार कमी-अधिक होण्याची शक्यता नाकारता येत नाही. दैनिकात बावीस ओळींची बातमी अशा वाक्यांवर निघते. अक्कांना वाचता येत नव्हते. त्यांनी तो कागद उखा मिस्तरींकडून वाचून घेतला, दोनदा.

"यामा मी शे का नही?" त्यांनी विचारले.

मिस्तरी म्हणाले, "नाही अक्का. यात कोणीच नाही."

अक्कांनी कागदाची घडी केली, माझ्या टेबलावर ठेवली आणि एसटीची वेळ विचारली. त्या गेल्यावर मिस्तरींनी पुन्हा रंधा चालवायला घेतला. मग म्हणाले, "भाऊ, सव्वीस वर्षं आपण भिंतीची चूक मोजतोय. आपली मोजायची पाळी आली तर लगेच शब्द फिरवायचे का?"

सोमवारी मी कचेरीत गेलो. अक्कांनी कोणत्याही कारणाशिवाय अर्ज दिला होता आणि तो त्या दिवसाच्या यादीत पहिला होता. यादीत नाव आहे म्हणजे पुकारा झालाच पाहिजे. अक्का या वेळी शहाण्या झाल्या होत्या. त्या लिंबाखाली न बसता दालनातच, सुकलालच्या पाठीमागे उभ्या होत्या. सुकलाल खिडकीशी गेला आणि काचेकडे तोंड करून ओरडला.

"इंदूबाई भिका पाटील, हाजिर हो!"

"आरे, मी आठेच शे," अक्का मागून म्हणाल्या.

सुकलाल वळला नाही. "इंदूबाई भिका पाटील, हाजिर हो!"

"आरे भाऊ, तुना मांगेच शे ना मी!"

"अक्का, तिसरा होऊ द्या. नियम आहे."

तिसरा झाला. मग तो वळला आणि म्हणाला, "या."

साहेबांनी बाबूलालला विचारले. बाबूलाल म्हणाला की मागच्या सोमवारी पुकारा त्याने स्वतः ऐकला, स्पष्ट ऐकला, आणि तो वेळेवर हजर झाला.

"तुम्ही कुठे होता?"

"इथेच, साहेब."

"इथे म्हणजे?"

"आत. एसीच्या हवेला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी उठून सांगितले की खिडक्या माझ्या आहेत आणि त्यांतून पुकारा बाहेर जात नाही. कारकून लिहून घेत होता.

"जुन्या खिडकीतून जात होता?" साहेबांनी विचारले.

"जात होता."

"म्हणजे नवी खिडकी जुनीसारखी नाही."

कारकुनाचे पेन थांबले.

"नाही," मी म्हणालो.

साहेब सावध गृहस्थ होते. तोंडी विधानावर अकरा निकाल फिरवायला ते तयार नव्हते. शिवाय त्या अकरा निकालांमुळे महिन्याच्या बैठकीत त्यांचे कौतुक झाले होते. त्यांनी प्रात्यक्षिकाचा हुकूम दिला. सुकलालने एकट्याने दालनात थांबावे, बाकी सर्वांनी लिंबाखाली जावे. साहेब, कारकून, बाबूलाल, अक्का, मी आणि उरलेले पक्षकार असे सगळे उन्हात उभे राहिलो. साहेबांनी रुमाल हलवून इशारा केला.

सुकलाल ओरडू लागला. काचेतून त्याचे तोंड उघडताना, मिटताना दिसत होते. आवाज काही नव्हता. लिंबावर एक साळुंकी बोलत होती, ती ऐकू येत होती. तीन पुकारे झाले असावेत, पण सुकलाल थांबला नाही. त्याचा चेहरा लाल झाला, हात वर-खाली होऊ लागले. एकदा त्याने थेट साहेबांकडे बोट केले. पंधरा वर्षांच्या नोकरीत साठवलेले काहीतरी तो बोलत आहे असे वाटले. मग तो शांत झाला आणि घाम पुसला. त्याच्या तोंडावर मी पूर्वी कधी न पाहिलेले समाधान होते.

"काय पुकारलंस?" आत आल्यावर साहेबांनी विचारले.

"इंदूबाईंचं नाव, साहेब. नियमाप्रमाणे."

अक्का एकट्याच पदर तोंडाला लावून हसत होत्या. मागच्या सोमवारी सुकलालच्या तोंडाकडे त्यांनी दुपारभर पाहिले होते; नाव पुकारताना ते कसे उघडते हे त्यांना ठाऊक होते. साहेबांनी कारण विचारले नाही. प्रात्यक्षिकात काहीही ऐकू आले नाही, असे त्यांनी स्वतः लिहून घेतले आणि अकराही प्रकरणे पुन्हा सुरू केली. सुकलालला त्यांनी पुढचे पुकारे खिडकी उघडून करायला सांगितले. मी तिसऱ्या खिडकीवरची सहीची पट्टी माझ्या हाताने फाडली. झळ आत आली आणि टेबलावरचे अर्धे कागद ओसरीत गेले.

तपासनिसांचा शेरा महिन्याभराने आला. हवाबंदी उत्तम, दहा खिडक्या पात्र, तिसरी अपात्र, आणि एकूण काम 'मूळ नमुन्याप्रमाणे नाही'. शाळेच्या मंडळाने तो वाचला. त्या शाळेत आता ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आहेत. मी त्या रस्त्याने जातो, मान वळवत नाही. कचेरीत सोमवारी तिसरी झडप विटेच्या तुकड्याने उघडी ठेवतात, एसीही चालू असतो. उरलेल्या दहांतून गारवा जात नाही, तो सगळा तिसरीतून जातो.

अक्कांचे प्रकरण पुढच्याच सोमवारी चालले. वाटेची पाहणी झाली, नकाशा निघाला आणि वाट मोकळी करण्याचा हुकूम झाला. हुकूम बजावायच्या दिवशी पंच कमी पडत होते. मी विटेमुळे खिडकीच्या बिजागऱ्या झुकल्या का ते पाहायला आलो होतो, म्हणून मला जीपमध्ये घेतले. बांधावर पोचलो तेव्हा आभाळ भरून आले होते आणि बाबूलाल तारेचे कुंपण काढून एका बाजूला उभा होता. अक्का बैलगाडीवर बसून होत्या. गाडीत बियाण्याच्या पिशव्या आणि वखर होते.

कारकुनाने कागद उघडले. अर्जदार हजर असल्याची खात्री केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असे त्याने सांगितले. अक्का चार पावलांवर होत्या. तरी सुकलाल बांधावर चढला, पाय रोवले आणि मोकळ्या शेतांकडे तोंड करून त्यांचे नाव पुकारले. पलीकडच्या शिवारातली माणसे उभी राहून पाहू लागली. दुसऱ्या पुकाऱ्याला अक्कांनी कासरा सैल सोडला. सुकलालने तिसरा पुकारा केला तेव्हा गाडी शेतात पोचली होती.